इंजिन खोक्यातच छान दिसतं

एका जंगलात एक नियम होता. छोट्या रेल्वेची गाडी खोक्यातून बाहेर काढायची नाही.

दुसराही एक नियम होता. पहिला नियम का आहे, ते विचारायचं नाही.

मुलांनो, आता तुम्ही विचाराल, जंगलात छोटी रेल्वे आली कुठून? विचारा. या गोष्टीत विचारलेलं चालतं. जंगलाच्या कडेला एक बंगला होता. दर सुट्टीत तिथे नवी माणसं यायची आणि जाताना काहीतरी विसरून जायची. कुणी छत्री विसरलं, कुणी चष्मा. कुणाकुणाची मुलं आपली खेळण्यातली आगगाडी विसरली. जंगलातल्या मोठ्यांनी ती खोकी उचलून आणली आणि ताबडतोब एक मंडळ काढलं. मोठ्यांना काही सापडलं की ते आधी मंडळ काढतात. या मंडळाचं नाव होतं जंगल छोटी रेल्वे जतन मंडळ.

मंडळाचे अध्यक्ष होते नारोपंत कासव. त्यांच्याकडे किल्लीचं इंजिन होतं. सचिव होते भिकाकाका साळिंदर. त्यांच्याकडे रूळ होते. कुणी मध्येच बोललं की भिकाकाकांचे काटे उभे राहत, म्हणून कुणी मध्ये बोलत नसे. खजिनदार होत्या सगुणाकाकू घोरपड. त्यांच्याकडे डबे होते. सगुणाकाकूंनी एकदा धरलेली वस्तू सोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

दर सोमवारी सकाळी जांभळीखाली सभा भरे. तिघं आपापली बंद खोकी पुढ्यात ठेवून बसत.

"माझं इंजिन काय पळतं!" नारोपंत खोक्यावर थाप मारून म्हणत. "वाऱ्यासारखं!"

"वळणावर माझे रूळ काय देखणे दिसतात!" भिकाकाका म्हणत.

"माझ्या डब्यात पाण्याचा पेला ठेवा," सगुणाकाकू म्हणत, "थेंब सांडेल तर शपथ."

मग खोकी पुसली जात. मग अल्पोपाहार होई. मग तरुण पिढीला कशातच रस नाही, यावर चर्चा होई आणि सभा संपे.

त्याच जंगलात मिरी नावाची एक तरुण चिचुंद्री राहायची. चिचुंद्रीला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. ती मिशांनी चाचपते आणि कानांनी बघते. मिरीचं बीळ लांबलचक होतं. एक तोंड वारुळापाशी उघडायचं, दुसरं करवंदीच्या जाळीत.

एकदा एका साळुंकीने तिला सांगितलं, "अगं, मी खरी गाडी बघितलीय. बोगद्यात शिरली ना, की तिचा आवाजच बदलतो."

"बदलतो म्हणजे कसा होतो?"

"ते मला नाही सांगता येणार. ते ऐकायलाच लागतं."

झालं. मिरीच्या डोक्यात ते बसलं. बोगदा तर तिच्या घरातच होता. फक्त गाडी हवी होती.

सोमवारी ती जांभळीखाली हजर झाली.

"आजोबा, मला छोटी रेल्वे मांडायचीय. तुमच्याकडच्या सेकंडहँड गाड्या विकता का?"

"सेकंडहँड म्हणू नये, बाळ," नारोपंत म्हणाले. "पूर्वाश्रमीच्या म्हणावं."

"आणि तुला दिसतं तरी का गं?" सगुणाकाकूंनी विचारलं.

"मला ऐकायचीय, काकू."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तरुण पिढीला रस आहे, म्हणजे चर्चेला आता विषय उरणार नाही, ही अडचण तिघांच्याही लक्षात आली. पण मिरीने बदल्यात काय आणलंय याचा वास त्याआधीच लक्षात आला होता. जाळीतल्या करवंदांचा सगळा बहर नारोपंतांना. खणून ठेवलेले सगळे कंद भिकाकाकांना. पावसाळ्यासाठी वाळवलेले सगळे नाकतोडे सगुणाकाकूंना. मिरीचं कोठार रिकामं झालं.

सगुणाकाकूंनी नाकतोडे घेतले, पण डब्यांचं खोकं सुटेना. मिरी एका बाजूने ओढत होती आणि काकू "घे ना, घे" म्हणत दुसऱ्या बाजूने धरून होत्या. शेवटी भिकाकाकांचा एक काटा चुकून टोचला, तेव्हा सुटलं.

"आता नियम ऐक," नारोपंत म्हणाले. "खोकं उघडायचं नाही. इंजिनाला किल्ली द्यायची नाही. गाडी रुळावर ठेवायची नाही. नियम मोडलास तर इंजिन मंडळ परत घेईल. बाकी छंद मनसोक्त जोपास."

"उघडायचं नाही, तर जोपासू कसा?"

"पुसायचं."

"काय?"

"खोकं."

मिरीने "बरं" म्हटलं. मुलांनो, मोठ्यांपुढे "बरं" म्हणणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घरी जाऊन तिने तिन्ही खोकी उघडली. बिळात नव्या रंगाचा आणि जुन्या तेलाचा वास पसरला. तिने वारुळाला वळसा घालून रूळ मांडले. ते बिळाच्या एका तोंडातून आत नेले, दुसऱ्या तोंडातून बाहेर काढले आणि गोल पूर्ण केला. मग इंजिन उचलून वर ठेवलं.

इंजिन धपकन खाली बसलं.

चाकं रुळांवर टेकलीच नाहीत. ती दोन रुळांच्या मधे पडली आणि इंजिन पोटावर पसरलं. मिरीने डबे ठेवून पाहिले. डब्यांची चाकं रुळांच्या बाहेर लोंबायला लागली. मिरीने मिशी आडवी धरून सगळं मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग तिला इतकं हसू आलं की ती बिळात गडबडा लोळली. आणि मग तिला रिकामं कोठार आठवलं, आणि हसू थांबलं.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा जांभळीखाली.

"आजोबा, इंजिन रुळावर बसत नाही. चाकं आत पडतात. आणि काकूंचे डबे बाहेर लोंबतात."

"म्हणजे तू रुळावर ठेवलंस?" नारोपंतांची मान कवचाबाहेर आली.

"मग कुठे ठेवणार? डोक्यावर?"

भिकाकाकांचे काटे उभे राहिले. "माझे रूळ अस्सल आहेत. इंजिनच अरुंद असणार."

"माझं इंजिन अस्सल आहे. रूळ फाकले असतील."

"डबे तर दोघांपेक्षा अस्सल," सगुणाकाकू म्हणाल्या.

"तिन्ही अस्सल आहेत हो!" मिरी ओरडली. "पण तीन वेगवेगळ्या मुलांच्या तीन वेगवेगळ्या गाड्यांचे आहेत. मिशीने मोजलंय मी. इतकी वर्षं एका झाडाखाली खोक्याला खोकं लावून बसता, आणि एकदासुद्धा इंजिन रुळावर ठेवून बघितलं नाहीत?"

"ठेवून बघायचं नसतं!" तिघं एका आवाजात म्हणाले.

"का?"

जांभळीवरचा एक पोपट अर्धं जांभूळ टाकून उडून गेला. दुसरा नियम आजवर कुणी मोडला नव्हता.

"हे बघ मिरे," नारोपंत शेवटी म्हणाले, "तुझं वय लहान आहे, त्यात छंदात नवखी आहेस, म्हणून या खेपेला सोडतो. पुढच्या सोमवारी मंडळ तुझ्या घरी पाहणीला येईल. सगळं खोक्यात दिसलं पाहिजे. नाहीतर इंजिन जप्त."

"आणि करवंदं?"

"करवंदं," नारोपंत गंभीरपणे म्हणाले, "खाल्ली गेली आहेत."

मिरी घरी आली. तिने इंजिन खोक्यात ठेवून पाहिलं. झाकण लावलं. खोकं पुसलंसुद्धा. मग खोक्याला कान लावला. आतून काहीच ऐकू येईना. हेच ऐकत आयुष्य काढायचं असेल तर दगड काय वाईट, असं तिला वाटलं. दगडाला निदान पुसावं लागत नाही.

तिने झाकण काढलं आणि कामाला लागली.

आतला रूळ तसाच ठेवला. बाहेरचा रूळ दातांनी उपटला, आत सरकवला, इंजिनाची चाकं लावून पाहिली, आणि बाभळीच्या डिंकाने पक्का केला. चाकं थोडी जरी घसरली, की पुन्हा उपट, सरकव, चिकटव. मिशांना डिंक लागला. शेपटीला डिंक लागला. एक मुंगळा चिकटला, तो शिव्या देत सुटला. सगुणाकाकूंच्या डब्यांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते उलटे करून ठेवले. एकाचं स्टेशन झालं, बाकीच्यांचे फलाट.

सोमवार उजाडला तेव्हा शेवटचा तुकडा चिकटवायचा राहिला होता. पाहणी समिती दारात उभी होती. नारोपंत शनिवारीच निघाले असल्यामुळे वेळेवर पोचले होते.

"अरे देवा, माझा फर्स्ट क्लास!" सगुणाकाकू किंचाळल्या. "उताणा!"

"माझे रूळ!" भिकाकाका म्हणाले. "हे... हे माझे रूळ नाहीत! हे कामाचे दिसतायत!"

"मिरे," नारोपंत म्हणाले, "इंजिन दे इकडे."

मिरीने शेवटचा तुकडा दाबून बसवला. इंजिन रुळावर ठेवलं. या वेळी ते धपकन बसलं नाही. नुसतं टिक् वाजलं. मग तिने किल्ली दिली.

"खबरदार!" नारोपंत ओरडले.

"खबरदार!" भिकाकाका ओरडले.

"पूर्वी एकदा असंच झालं होतं!" सगुणाकाकू ओरडल्या. "मी अंड्यातून नुकती बाहेर आले होते! नारोपंतांनी सगळ्यांसमोर इंजिन रुळावर ठेवलं आणि ते पोटावर आपटलं! सगळं जंगल हसलं! तेव्हा हेच म्हणाले, रुळावर ठेवायचंच नसतं म्हणून!"

"सगुणाबाई!" नारोपंत म्हणाले आणि थेट कवचात गेले. ते कवचातून ओरडत राहिले. भिकाकाका नारोपंतांवर ओरडायला लागले, कारण ही हकीकत त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि ते सचिव होते. सगुणाकाकू दोघांवर ओरडायला लागल्या.

तेवढ्या गोंधळात इंजिन निघालं. वारुळाला वळसा घातला. बिळाच्या एका तोंडातून आत गेलं, करवंदीच्या जाळीतून बाहेर आलं, आणि गोल फिरून नारोपंतांच्या कवचासमोर येऊन थांबलं. किल्ली संपली होती.

मिरी कान टवकारून बिळाच्या तोंडाशी बसली होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. बोगद्यात इंजिन होतं, पण बाहेर मंडळ होतं.

सगळे थांबले. कवचातून नारोपंतांची मान हळूच बाहेर आली.

"पडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, आलं," भिकाकाका म्हणाले. "गेलं आणि आलं."

"आलं?" नारोपंतांनी इंजिनाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते खाकरले. त्यांची मान ताठ झाली. "मी काय म्हणत होतो? वाऱ्यासारखं! भिकाजीराव, लिहून घ्या. मंडळाच्या प्रदीर्घ मार्गदर्शनाखाली आज पहिली गाडी धावली."

"माझ्या रुळांवरून," भिकाकाका म्हणाले.

"आणि स्टेशन कुणाचं?" सगुणाकाकू म्हणाल्या. त्यांनी स्टेशन धरलंही.

"पुढच्या फेरीचं उद्घाटन अध्यक्षांच्या हस्ते होईल," नारोपंत म्हणाले. "आधी दोन शब्द मी बोलेन. मग सचिव. मग खजिनदार. मग आभार. मग एक नवा नियम करू. किल्ली द्यायचा मान वयाप्रमाणे. मिरे, बाळ, दे ती किल्ली."

त्यांनी पाय पुढे केला.

मिरीने किल्ली मुठीत घट्ट धरली. तिच्या मिशांना डिंक होता, शेपटीला माती होती, आणि पोट सकाळपासून रिकामं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"नाही म्हणाले, आजोबा. भाषण नाही. हस्ते नाही. नियम तर नाहीच नाही. माझी करवंदं गेली, कंद गेले, नाकतोडे गेले. हे सगळं मी एका आवाजासाठी केलं, आणि तो आवाज तुमच्या आरडाओरड्यात बुडाला. आता मी परत किल्ली देणार आहे. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा. पण तोंड मिटून."

भिकाकाकांचे काटे उभे राहिले. सगुणाकाकूंनी आ वासला. नारोपंतांनी बोलायला श्वास घेतला.

मिरीने किल्ली दिली.

इंजिन निघालं. टिकटिक टिकटिक करत वारुळामागे गेलं. बिळाचं तोंड जवळ आलं. नारोपंतांनी घेतलेला श्वास तसाच धरून ठेवला. भिकाकाकांचे काटे एकेक करून खाली बसले, कारण ते एकमेकांवर घासून वाजत होते. सगुणाकाकूंच्या हातातून स्टेशन सुटलं, गवतावर पडलं, आणि ते त्यांना कळलंही नाही.

इंजिन आत शिरलं.

आवाज बदलला.

जंगलात कुणीही काहीही बोललं नाही.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांचा उपदेश नेहमी जपून ठेवावा. मूळ खोक्यात, झाकण लावून, उन्हापासून लांब. दर सोमवारी वरून पुसावा. वापरायला मात्र काढू नये, किंमत उतरते.