आधी स्क्रीनवर घेऊ

आमच्या बैठकीच्या भिंतीला भेग पडली होती. ती साळवेभाऊंनी बुजवली, पण सिमेंटनं नाही, प्रिंटरनं. आधी शेजारच्या धड भिंतीचा फोटो काढला. मग कॅमेऱ्यातला रोल संपायची वाट बघितली, कारण अर्धा रोल कोण धुवायला देतं? फोटो आल्यावर तो स्कॅन केला, रंग जुळवला, कागदावर छापला आणि भेगेवर चिकटवला. भिंत पिवळी, कागद गुलाबी. पाहुणे विचारायचे, इथं काय लावलंय? मी सांगायचे, भिंतीला भिंत लावलीय.

साळवेभाऊ म्हणजे भिंगारमधले आमचे शेजारी. लष्कराच्या एका ऑफिसात जन्मभर टायपिस्ट. रिटायर झाल्यावर माणसं गावाकडं घर बांधतात, ह्यांनी कॉम्प्युटर आणला. नव्वद सालानंतरचे ते दिवस. गल्लीतली माणसं चपला बाहेर काढून तो बघायला यायची. भाऊ बसायचे ऐटीत, आणि कुणी काहीही अडचण सांगितली की एकच उत्तर, "आधी स्क्रीनवर घेऊ."

नळाला पाणी कमी येतं? स्क्रीनवर घेऊ, आणि मग पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता, चारी बाजूंनी गुलाबाची फुलं. पाणी तेवढंच, पण भांडण आता तक्त्यावरून. अंगणात गाई शिरतात? लगेच फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' आणि खाली दात काढलेल्या कुत्र्याचा फोटो. आता गाईला वाचता येतं का, हे विचारायची सोय नव्हती. आमच्या ह्यांच्या एसटीच्या पासाचा फोटो दिला, तर त्यांना कोट घातला, टाय बांधला आणि वरून डोईभर केस दिले. राहुरीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, हा पास तुमच्या धाकट्या भावाचा दिसतोय. भरा तिकीट.

पण एका गोष्टीत भाऊंचा हात धरणारा नव्हता. लग्नाच्या ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटलेले असले, की दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून ते असे बसवायचे की खुद्द त्या माणसालाही कळू नये. अख्ख्या भिंगारचे डोळे त्यांनी उघडले. राहिल्या त्या घरच्या कमलवहिनी.

वहिनींचं एक होतं. फ्लॅश उडाला की डोळे मिटलेच. लग्नातला फोटो घ्या, लेण्यांच्या सहलीतला घ्या, मतदानाच्या ओळखपत्रावरचा घ्या, बाई आपल्या डोळे मिटून शांत. भाऊ चिडायचे, त्या हसायच्या. मूलबाळ नव्हतं, दोघांचंच घर.

दुपारी त्यांच्या दारावर एक बोर्ड लागायचा, 'कमल पडली आहे. हळू बोला.' भोवती तीच गुलाबाची फुलं. हा बोर्ड कुणासाठी, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारून वाढलेली मी, माझा आवाज काय खिशात मावणार आहे? मला राग आला. बोलणंच बंद केलं. तेव्हा वहिनी वाटीभर मेथीची भाजी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मंगल, मला कुठं झोप येतीय दुपारची? पडून ऱ्हाते झालं. ह्यांना बोर्ड करायला कारण पायजे. सांगू नको हां त्यांना." मग आम्ही दोघी हळू आवाजात खूप हसलो.

त्या वहिनी गेल्या. थोड्याच दिवसांच्या आजारात गेल्या. बोर्ड दारावरून निघाला आणि मला मोठ्यानं बोलायची मोकळीक मिळाली, पण बोलावंसंच वाटेना.

पहिला स्मृतिदिन जवळ आला तसं साळवेभाऊंनी एक नवीनच सुरू केलं. कॅमेरा घेऊन गल्लीतल्या बायकांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ताई, जरा इकडं बघा. वय काय, करतात काय! कुजबुज सुरू झाली. माझ्याही समोर आले, तेव्हा मी अशी काही नजर रोखली की दुसरा असता तर पळाला असता. भाऊंनी फोटो काढला, "बरं झालं" म्हणाले आणि गेले.

पुढं जाब विचारायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी स्क्रीनकडं बोट केलं. स्क्रीनवर कमलवहिनी होत्या, आणि त्यांचे डोळे उघडे होते. डोळे माझे होते. मी रागावलेली, म्हणून वहिनीही रागावलेल्या.

"स्मृतिदिनाला तिचे डोळे उघडे पायजेत, ताई," भाऊ म्हणाले. "सगळ्यांचे लावून बघितले. तुमचे मापाला बसले. पण ती अशी कधी बघत नव्हती माझ्याकडं."

"मग कशी बघायच्या?"

भाऊ म्हणाले, "डोळं मिटलं की दिसती. स्क्रीनवर घ्यायला जातो, तर जाती."

मी घरी आले आणि पदर तोंडाला लावून रडले. आवाज न करता रडणं मला त्या दिवशी जमलं.

स्मृतिदिनाला खिरीचं पातेलं घेऊन मी त्यांच्या दारात पोचले. आत भंतेजी आलेले, माणसं सतरंजीवर बसलेली. भाऊ, पातेलं कुठं ठेवू, असं सवयीनं दारातूनच ओरडणार, तेवढ्यात समोर लक्ष गेलं. टेबलावर वहिनींचा मोठा केलेला फोटो होता. डोळे मिटलेले, होते तसेच. कुणाचेच बसवलेले नव्हते. आणि फोटोच्या खाली तो जुना बोर्ड, गुलाबाची फुलं फिकी पडलेली. 'कमल पडली आहे. हळू बोला.' खोलीत सगळेच हलक्या आवाजात बोलत होते.

माझं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. भाऊंनी ते पाहिलं. जवळ आले, पातेल्याला हात लावला आणि माझ्यापुरतं म्हणाले, "बोला की ताई. तिला कुठं झोप येतीय दुपारची."

आणि मी तर ते भाऊंना कधीच सांगितलं नव्हतं.