सरनोबतांची पहिली रायफल

कुवेतमध्ये मिरकाब भागातल्या आमच्या घरात फरशी पुसायची दांडी कधी जागेवर सापडायची नाही. ती सरनोबतांच्या खांद्याला असायची. ड्यूटीवरून आले की ते चहाच्या निमित्ताने आमच्याकडे यायचे, दांडी उचलायचे, स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक गुडघा टेकून बसायचे आणि खालच्या अंगणातल्या, घरमालकांच्या पाळीव हरणीवर नेम धरायचे. मी मागे पोळ्या लाटत असे. ते मोठा श्वास घ्यायचे, अर्धा सोडायचे आणि तोंडाने बारीक 'टक्' असा आवाज काढायचे. हरणी आपली चरत असायची. "पडली," असं म्हणून ते चहाकडे वळायचे.

सरनोबत मूळचे कोल्हापूरचे. मी ज्या हॉस्पिटलच्या फार्मसीत होते, तिथेच ते एक्स-रे टेक्निशियन. आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, मिशा मात्र शिकाऱ्याच्या. खरी शिकार म्हणाल तर त्यांनी जन्मात एकदाच बंदूक हातात धरली होती, जत्रेत, फुगे फोडायला. आमचे पणजोबा महाराजांच्या शिकारीला असायचे, असं मात्र ते छाती काढून सांगत. आमच्या ह्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की पणजोबा हाकेकरी होते. म्हणजे झुडपं बडवत, ओरडत जनावर पुढे काढायचं आणि मग मुकाट्याने बाजूला व्हायचं.

भारतात शिकारीला बंदी, आणि कुवेतमध्ये आपल्यासारख्या परदेशी माणसाने रायफलचं नावही काढू नये. मग हरणाची शिकार करायची कुठे? तर स्कॉटलंडमध्ये. याला कारण हॉस्पिटलातले एक इंग्रज हाडांचे डॉक्टर. ते दर सुट्टीत तिकडच्या डोंगरात हरणांच्या मागावर जात. एकदा एक्स-रेची फिल्म बघता बघता ते सरनोबतांना म्हणाले, तुम्हीही या एकदा. आता इंग्रजांचं 'या एकदा' आणि आम्हा पुणेकरांचं 'या एकदा' हे सख्खे भाऊ. ते ऐकून कोणी खरंच यायचं नसतं. पण सरनोबत पडले कोल्हापूरचे. तिथे 'जेवायला या' म्हणतात तेव्हा मटण चुलीवर चढलेलं असतं. त्यांनी त्याच दिवशी रजेचं गणित मांडायला घेतलं. पुढे ते डॉक्टर नोकरी सोडून मायदेशी गेले, पण सरनोबतांच्या लेखी आमंत्रण कायम होतं.

अडचण एकच होती. पहिली रायफल कुठली घ्यायची आणि कुठल्या कॅलिबरची? कॅलिबर म्हणजे नळीचं माप, म्हणजेच गोळीची जाडी, हे मला आता झोपेतही सांगता येईल. टू-फोर-थ्री नवशिक्याला बरी. धक्का कमी, माणूस बिचकत नाही. पण वारा सुटला की तिची गोळी भरकटते आणि मोठ्या नराला ती हलकी पडते. टू-सेव्हंटीची गोळी लांबवर सरळ जाते, पण आवाजाने कानठळ्या बसतात. थ्री-ओ-एट सगळ्याला चालते, तिच्या गोळ्या कुठेही मिळतात, पण तिच्या धक्क्याने खांदा धरतो. हे एवढं सांगून झालं की ते बशीत उरलेला चहा पिऊन उठायचे आणि म्हणायचे, "पहिली रायफल आहे वहिनी, घाई करून चालत नाही."

घाई त्यांनी लग्नाचीही केली नव्हती. एक मुलगी फारच नाजूक, दुसरीचा आवाज मोठा, तिसरी सगळ्या बाजूंनी ठीक पण आपल्याला झेपेल का, असं करत करत मुलींची पोरं कॉलेजात गेली. टू-फोर-थ्री, टू-सेव्हंटी आणि थ्री-ओ-एट, असं मी एकदा हसत बोलून गेले. सरनोबत हसले नाहीत. नंतर काही दिवस ते चहालाही आले नाहीत आणि माझी दांडी जागेवर सापडू लागली.

त्यांना परत आणलं आमच्या ह्यांनी. ह्यांना दुसरा उद्योग नव्हता. शुक्रवारी दुपारी दोघे हॉलमध्ये रायफलच्या धक्क्याची तालीम करत. सरनोबत दांडी खांद्याला लावून उभे राहायचे आणि हे उशीची घडी करून समोरून त्यांच्या खांद्यावर हाणायचे. हलकी हाणली की टू-फोर-थ्री, दोन्ही हातांनी हाणली की थ्री-ओ-एट. डोळा मिटायचा नाही, ही अट. एकदा ह्यांनी ऑफिसातल्या साहेबाचा राग त्या उशीत घातला आणि सरनोबत माझ्या काचेच्या कपाटावर गेले. तेव्हापासून मोठी कॅलिबरं जिन्यात चालवायची असा मी नियम केला.

हॉस्पिटलातही हेच. छातीचा एक्स-रे काढताना टेक्निशियन सांगतो, श्वास घ्या, रोखा. नेमबाजही गोळी झाडताना श्वास रोखतो. हे साम्य कळल्यापासून सरनोबतांचे पेशंट ही त्यांची हरणं झाली. समोर कुवेती म्हातारा छाती उघडी टाकून उभा असायचा, सरनोबत काचेआडून "खुद नफस" म्हणायचे, म्हणजे श्वास घे. मग "ला तितनफ्फस", म्हणजे रोखून धर. म्हातारा लाल व्हायचा, आणि सरनोबत बटण हळूहळू पिळत असायचे. ट्रिगर ओढायचा नसतो, पिळायचा असतो म्हणे. पेशंटला कुशीवर वळवून घ्यायचा एक्स-रे त्यांना विशेष आवडायचा, कारण हरणही तसंच आडवं उभं असावं लागतं. त्यांची फिल्म कधी हललेली निघायची नाही, हेही सांगायला हवं.

खालचं अंगण आमचे घरमालक अबू फहद यांचं. ती हरणी वाळवंटातली, शेळीएवढी, काळ्याभोर डोळ्यांची. त्यांच्या नातीने तिचं नाव रीम ठेवलं होतं. सरनोबत तिला 'टार्गेट' म्हणायचे. पुढच्या पायाच्या जरा मागे बोट दाखवून सांगायचे, इथं फुप्फुस, इथं लागली की जनावराला त्रास नाही. मी म्हटलं, तिला विचारलंत का?

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शहरात शिरल्या. अबू फहद नेहमीप्रमाणे उन्हाळ्यासाठी सहकुटुंब परदेशी गेले होते. त्यांचा राखणदार पहिल्या आठवड्यातच पळाला. फोन बंद, दुकानं लुटलेली, कोपऱ्यावर सैनिकांची चौकी. आम्ही दार लावून बसलो होतो आणि खाली ऐन उन्हात रीमच्या पाण्याचं भांडं कोरडं पडलं होतं.

एका सकाळी पाहते तो सरनोबत कुंपणाच्या भिंतीवर पोट टेकून पलीकडे उतरताहेत. मला वाटलं, झालं, यांचा मुहूर्त लागला. मटण मिळेनासं झालंच होतं. मी ह्यांना बजावलं की त्यातली तंगडी माझ्या स्वयंपाकघरात आली तर मी शिजवणार नाही. पण सरनोबतांच्या हातात बादली होती. रीम कोपऱ्यात मान टाकून बसली होती. त्यांनी बादली तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः लांब, भिंतीला टेकून, पाठ करून बसले. तिला लाज वाटू नये म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मग त्यांचा नवा उद्योग सुरू झाला. सगळ्या बिल्डिंगची भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, शिळे खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, गोळा करायचे. "कोथिंबिरीच्या काड्या टाकू नका वहिनी," असं ते दारातूनच बजावत. आम्ही स्वतः डाळभातावर दिवस काढत होतो, आणि हे गृहस्थ आपल्या वाटणीचे खुबूस बादलीत घालत होते. मी रागावले की म्हणायचे, पोट कमी करायला डॉक्टरांनीच सांगितलंय.

एका दुपारी अंगणाचं फाटक धाडकन मोडलं. चौकीवरचे सैनिक आत आले, एक अगदी कोवळा आणि एक पोक्त, जाड मिशांचा. सरनोबत बनियन आणि लेंग्यावर तिथेच होते. कोवळ्याने हरणी पाहिली, हसून काहीतरी बोलला आणि बंदूक खांद्याला लावली. आम्ही दोघं खिडकीत गोठून उभे. सरनोबत रीमच्या पुढे जाऊन उभे राहिले. वर्षानुवर्षं अरबी देशात राहून त्यांना अरबी यायची ती फक्त एक्स-रेच्या खोलीतली, आणि भीतीने तीच तोंडातून बाहेर पडली. "खुद नफस," ते म्हणाले. पोरगा गोंधळला. "ला तितनफ्फस," सरनोबत तसेच, ड्यूटीवरच्या आवाजात. आणि काय सांगू, त्या पोराने खरंच श्वास रोखला. माझा तर कधीचाच अडकला होता. मग सरनोबत म्हणाले, "तनफ्फस." सोड.

पोक्त सैनिक आधी हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला आणि तो खोकला थांबेना. सरनोबतांनी मान तिरकी करून तो नीट ऐकला, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, हॉस्पिटलच्या दिशेने बोट केलं आणि उद्या ये अशी खूण केली. पोक्त सैनिकाने पोराची बंदूक हाताने खाली दाबली आणि दोघे निघून गेले.

ते वर आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं. ह्यांनी विचारलं, काय हो, कुठल्या कॅलिबरची होती? सरनोबतांना प्रश्नच समजला नाही. मग म्हणाले, "बघितलं नाही ओ."

दुसऱ्या दिवशी तो सैनिक खरोखरच आला. त्याची छाती झाली, मग पोराचा गुडघा, मग चौकीवरच्या बाकीच्यांच्या पाठी आणि माना. सरनोबत सगळ्यांच्या फिल्म काढत राहिले. तोवर त्या हरणीला कोणी हात लावणार नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. बगदादवरून जॉर्डनला जाणाऱ्या बसमध्ये आमच्या तिघांच्या जागा ठरल्या, तेव्हा हाच पेच पडला. सरनोबत निघाले तर रीम दुसऱ्या दिवशी शेगडीवर जाणार होती.

बस सुटायच्या जागी ते आम्हाला पोचवायला आले, हात हलवत, सामानाशिवाय. "हॉस्पिटल सोडत नाही मला," म्हणाले. मी त्याच हॉस्पिटलची. कोण कोणाला धरून ठेवतंय ते मला ठाऊक होतं. मला इतका संताप आला की मी त्यांना नीट निरोपही दिला नाही. एका जनावरासाठी जीव धोक्यात घालतो हा वेडा, असं बगदादपर्यंत मी ह्यांना ऐकवत होते आणि मधूनमधून रडत होते.

पुढे लढाई झाली, संपली. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात हॉस्पिटलने जुन्या लोकांना परत बोलावलं तेव्हा आम्ही गेलो. तेलविहिरी जळत होत्या, भरदुपारी आभाळ काजळलेलं. सरनोबत जिवंत होते. पोट गेलं होतं, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. चौकीवरची माणसं बदलली की नव्यांचे गुडघे, असं करत त्यांनी सगळा हिवाळा काढला होता. बॉम्ब पडायचे तेव्हा ते रीमजवळ अंगणात बसायचे. ती आवाजाला बिचकायची म्हणे.

अबू फहद परतले, तेव्हा घरातले नळसुद्धा चोरीला गेले होते. उरली होती ती फक्त हरणी. त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सरनोबतांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. रीमला ते दस्मानला भावाच्या घरी नेणार होते. जाण्याआधी त्यांनी विचारलं, तुला काय हवं ते माग. मी हळूच कोपर मारून म्हटलं, मागा रायफल. सरनोबतांनी घसा खाकरला आणि शुक्रवारी तिला बघायला आलो तर चालेल का, एवढंच विचारलं.

त्यानंतर दर शुक्रवारी ते कोथिंबिरीच्या काड्यांची जुडी घेऊन दस्मानला जायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, अहो, तिच्या दिमतीला आता तिथे माणसं आहेत. या उन्हात एवढं कशाला जाता?

ते बराच वेळ चपला घालत राहिले.

"मी फाटकातनं आत पाऊल टाकलं की ती उठून उभी राहते, वहिनी," ते म्हणाले. "मी आल्याचं दुसऱ्या कुणाला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर त्यांची थाप पडली. एरवी मी आतूनच 'या' म्हणून हाक मारायचे. त्या दिवशी मी पोळपाट बाजूला सारला, ह्यांनी पेपर ठेवला आणि आम्ही दोघंही उठून दाराशी गेलो.