हत्ती की गरुड?

"शनिवारी सकाळी शाळेत चाळीस बाकं पोचली नाहीत, तर उरलेल्या वर्गांचं काम हातचं गेलं म्हणून समजा," सुतारकाकांच्या सुनेने बजावलं. दुकानाचा कारभार आता तीच बघत होती. "आणि बाबा, तुमच्या त्या खटाऱ्यावर माझा काडीचा भरवसा नाही. नवा ट्रक घ्या."

खटाऱ्याचं एक दार दोरीने बांधलेलं होतं, त्यामुळे काका तयार झाले. पण घ्यायचा कुठला? बाजारात हत्तीछाप आणि गरुडछाप या दोनच ट्रकांचा बोलबाला. विकणाऱ्यांच्या थापांना भुलतील ते काका कसले! लाकूडसुद्धा ते ठोकून बघितल्याशिवाय घेत नसत. सोमवारी त्यांनी वही घेतली, खटारा काढला आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रींच्या गॅरेजच्या दाराशी स्टूल टाकून ठाण मांडलं. ज्या कंपनीचे ट्रक जास्त येतील ती बाद.

बुधवार संध्याकाळपर्यंत हत्ती सव्वीस, गरुड शून्य.

"गरुड!" काकांनी घरात पाय टाकताच जाहीर केलं. "बिघडतच नाही गं तो!"

"एका गॅरेजवरून कसं ठरवता बाबा? दुसरीकडेही बघा की."

गुरुवारी काका पुलापलीकडच्या गॅरेजवर जाऊन बसले. तिथे गरुड अकरा, हत्ती शून्य. काकांचं डोकंच चालेना. शुक्रवारी त्यांनी मिस्त्रींना गाठलं आणि वही पुढे धरली.

मिस्त्री पोट धरधरून हसले. "अहो काका, मी फक्त हत्तीच दुरुस्त करतो! गरुडवाले पलीकडे जातात. पाटी नाही का वाचलीत?"

काकांनी मान वर केली. तीन दिवस ते त्याच पाटीखाली बसले होते.

आता नव्या ट्रकाला वेळच उरला नव्हता. शनिवारी बाकं खटाऱ्यातच चढली. सून जीव मुठीत धरून शेजारी बसली. खटारा पहिल्याच फटक्यात सुरू झाला आणि कुठेही न अडखळता शाळेत पोचला. मुख्याध्यापिकाबाईंनी बाकांवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाकीच्या वर्गांचं कधी सुरू करताय?" "सोमवारपासून!" काका म्हणाले. सुनेने तर खाली उतरून स्वतःच दोरीची गाठ पक्की केली.

परतताना मिस्त्रींच्या गॅरेजसमोरच्या रोपवाटिकेतली बाई हात करत रस्त्यावर धावत आली. तिच्याही हातात वही होती.

"काका, थांबा जरा! मलाही ट्रक घ्यायचाय, म्हणून आठवडाभर या गॅरेजवर नजर ठेवून होते. इतक्यांदा इथे येऊन एकदाही आत न जाता धडधाकट परत गेला, असा तुमचा एकच ट्रक. कुठल्या कंपनीचा हो?"

काका उतरून समोर गेले. कंपनीचा बिल्ला कधीच गळून पडला होता. तिथे स्क्रूची दोन भोकं तेवढी उरली होती.

"कंपनीचं काही सांगता येत नाही बाई," काका छाती फुगवून म्हणाले, "पण दोरी मात्र चांगल्यातली घ्या."