किल्लेदार जखोजी वारले

अश्रूचा थेंब छापील कागदावर पडला की लगेच पसरत नाही. क्षणभर भिंगासारखा फुगून बसतो, खालचं अक्षर मोठं करून दाखवतो आणि मग हळूच कागदात मुरतो. केजहून गावाकडं निघालेल्या जीपमध्ये रोहिणीनं हे अगदी नीट पाहिलं. थेंब तिचाच होता!

खरं तर रोहिणी रडणाऱ्यांतली नव्हेच. कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि लोक चहाची किटली धरतात तशी तीव्र आम्लाची बाटली धरायची. "पुस्तक वाचून रडतात ते कच्चे वाचक," असं सकाळीच तिनं स्टाफरूममध्ये ठणकावलं होतं. पण 'सात गडांची गाथा' या कादंबरीमालेच्या नवव्या भागात म्हातारा किल्लेदार जखोजी अग्निसर्पाला आडवा गेला. गडाचा दरवाजा वाचला, जखोजी गेला. शिकत होती तेव्हापासूनची सोबत ती!

या गाथेचा तिला आणखी एक उपयोग होता. धारूरच्या युवराजचं, म्हणजे गुरांच्या डॉक्टरचं, स्थळ आलेलं होतं. मुलगा आवडला होता. पण लग्नानंतर हातात पुस्तक दिसलं की 'काही काम नाही का?' असं विचारणारं घर तिला नको होतं. हे विचारायचं कसं, ते कळेना. म्हणून 'एवढा भाग संपला की सांगते' म्हणत तिनं सातवा काढला, आठवा काढला. आता निरोप आला होता: आज संध्याकाळी उत्तर द्या, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो.

"अगं माय! कावून रडतीस गं?" शेजारच्या चंद्रभागाबाईंनी जीपमध्येच विचारलं.

"गेले हो काकू..."

"घरचं कुणी?"

रोहिणीला खोटं बोलता येत नसे. इतक्या वर्षांची सोबत! "घरचेच म्हणा. म्हातारं माणूस."

चंद्रभागाबाईंनी पुढं काही विचारलं नाही. रडणाऱ्याला खोदून विचारायचं नसतं. आधी पीठ मळायचं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजाऱ्यांनी न्यायची. रोहिणीच्या घरात म्हातारं माणूस एकच, आजोबा आश्रुबा!

सुजलेल्या डोळ्यांनी घरी कसं जायचं म्हणून रोहिणी फाट्यावर उतरली आणि लिंबाखाली बसून तिनं उरलेलं प्रकरण संपवलं. तेवढ्यात बातमी गावभर झाली. आश्रुबा सकाळपासून शेतात. मोबाईल ते बाळगत नसत. चंद्रभागाबाईंचा फोन आल्यावर रोहिणीच्या आईनं, केसरबाईंनी, जो हंबरडा फोडला, तो ऐकून गावाला पक्की खात्री पटली!

रोहिणी दारात आली तेव्हा अंगणात भाकरीच्या टोपल्यांची रांग लागली होती आणि शेतातून नुकतेच परतलेले आश्रुबा ओट्यावर बसून जेवत होते.

"कोण वारलं बे नाथा?" ते पुतण्यावर ओरडले. "इचारलं की समदे माझ्याकडंच बघायलेत!"

"आबा, तुमीच."

"मी? आन् माझ्या मयताच्या पिठल्यात मीठ न्हाई?"

केसरबाई लेकीवर धावून आल्या. "आगं, नाथानं धारूरला बी कळवलं! मयत झालेल्या घरात वर्षभर लग्नाची बोलणी नकोत म्हनाले. दुसरी मुलगी बघायला निघाले ते लोक!"

एवढ्यात फाटकात मोटारसायकल थांबली. हातात जेवणाचा डबा घेऊन युवराज आत आला.

"बोलनी ऱ्हाऊ द्या," तो खाली बघत म्हणाला, "पन भाकरी तर आनायलाच पायजे..." मग त्यानं वर पाहिलं. आश्रुबा ढेकर देत होते!

आता सांगणं भागच होतं. "कुणी वारलं नाही," रोहिणी पुटपुटली. "म्हणजे वारले, पण पुस्तकातले. किल्लेदार जखोजी."

"पुस्तकातला मानूस मेला म्हनून मी पायलीभर पीठ मळलं?" चंद्रभागाबाई कडाडल्या. अंगण खदखदून हसलं. फक्त युवराजच्या हातातला डबा धाडकन खाली पडला.

"जखोजी... गेला?"

रोहिणी बघतच राहिली. "तुम्ही वाचता?"

"तुमी सातवा संपू द्या, आठवा संपू द्या म्हनत ऱ्हायलात. म्हनलं बघावं तरी, काय हाय त्यात एवढं! आता मलाच सुटंना. रोज दवाखान्यात म्हशीपाशी बसून वाचतोय. आठवा अजून संपला न्हाई माझा, आन् तुमी चारचौघांत सांगून टाकलं!"

त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"ह्यो कावून रडतोय आता?" चंद्रभागाबाई.

"ह्याच्या बी घरी पिठलं धाडा!" आश्रुबा.

युवराजनं नाक पुसलं. "कसा गेला? न्हाई, सांगू नका! फक्त एवढंच... गडाचा दरवाजा वाचला ना?"

"वाचला," रोहिणी म्हणाली. मग ती आश्रुबांकडं वळली.

"आबा, मला हे पसंत आहेत. तारीख काढा. पण दहावा भाग आधी मी वाचणार!"