अंगात पीळ असलेल्याला

आमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग दसऱ्यापासून मला वळण लावत आहे.

हे मी सहजासहजी मान्य केलं नाही. मी मेकॅनिकल शिकले आहे. आपण चाक फिरवतो तेव्हा आत काय घडतं, ते मला ठाऊक आहे. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक पोलादी सळई असते. आपला हात फिरतो, पण पुढची चाकं रस्त्याला धरून बसतात, आणि मधल्यामध्ये ती सळई पिळवटते. तिला किती पीळ पडला ते सेन्सर मोजतो. पीळ जितका जास्त, तितका जोर मोटर आपल्या बाजूने लावते. यात कोणाचं मत विचारण्याची सोय नाही.

तरीही लायब्ररीच्या गल्लीत गाडी घालायला गेले की चाक जात्यासारखं जड व्हायचं, आणि आत्याच्या घराकडे एका बोटाने वळायचं. नाटकाच्या तालमीकडे जड, किराण्याकडे हलकं. अप्पा चालवायला बसले की चहूकडे हलकं. अप्पा म्हणजे माझे वडील. संशय घ्यायला मला फार लांब जावं लागलं नाही.

गडहिंग्लजच्या सर्व्हिस सेंटरमधल्या गुळवणीबाईंनी गाडी फिरवून आणली आणि हात पुसत विचारलं, "मोटर उत्तम आहे. दसऱ्याला पूजा कोणी केली?"

"मी," अप्पा म्हणाले.

"काय मागितलंत?"

"नेहमीचंच. आई अंबाबाई, सगळ्यांना सुखरूप ठेव."

"आणि?"

अप्पांनी घसा साफ केला. "आणि घरात ज्याच्या अंगात पीळ आहे, त्याला जरा वळण लागू दे."

"तेव्हा हात कुठे होता?"

"हळदकुंकू लावत होतो. स्टिअरिंगला."

टायरमधला खिळा सापडल्यावर डोलवावी तशी बाईंनी मान डोलावली. "पीळ मोजायचा आणि वळण द्यायचं, याखेरीज त्याला दुसरं काम नसतं. त्याने ते अंगावर घेतलं. याला बिघाड म्हणता येणार नाही."

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं," अप्पा म्हणाले.

"तुम्ही नाव कधी घेता?" मी म्हणाले. "टोमणा मारायचा तोही देवाच्या आडून!"

"बघा," अप्पा बाईंना म्हणाले. "बघा पीळ."

हे बंद कसं करायचं, असं मी विचारलं. वळण लागलं की आपोआप थांबेल, असं बाई म्हणाल्या. ते लागलं हे कोण ठरवणार? स्टिअरिंग. त्याच्यावर वरिष्ठ कोणी? बाईंनी थोडा विचार केला आणि नाही म्हणाल्या.

गुरुवारी कागलला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी मुलाखत होती. अकरानंतर आत घेणार नव्हते. अप्पांना हा कारखाना पसंत नव्हता. त्यांच्या मनात त्यांच्या मित्राची पतसंस्था होती. डोक्यावर पंखा, पाचच्या आत घरी आणि चेअरमन ओळखीचे. मी तीनदा नाही म्हटलं होतं. तिन्ही वेळा अप्पांनी "बघू" म्हटलं होतं. आमच्या घरात मोठी माणसं "बघू" म्हणतात, तेव्हा त्यांचं बघून झालेलं असतं.

मी एसटीने जाणार होते. पण बुधवारी अप्पा म्हणाले, "एसटी कशाला? मी येतो सोबत. गाडी तूच चालव."

मला लगेच संशय आला. पण "तूच चालव" हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी हो म्हटलं.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलाखत माझी आणि इस्त्री त्यांची. वाटेत त्यांनी खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात फोन केला. "हो, हो. पोरगीच आणतीय गाडी. आपोआप येईल तिकडं."

फाटा आला. उजवीकडे कागल, डावीकडे पतसंस्था. मी वेग कमी केला, उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि चाक फिरवलं. ते हललं नाही. सगळा भार टाकला तेव्हा चारेक बोटं सरकलं, आणि मोटरने ते तितकंच परत नेलं. मागे उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभा राहिला.

"अगं, कशाला झटापट?" अप्पा म्हणाले. "जाऊ दे की त्याच्या मनाने. पाच मिनिटं डोकावू. चेअरमननी पोहे टाकायला सांगितलेत."

"पोहे तुम्ही खा. मला कागलला जायचंय."

"कारखान्यात काळं तेल पुसत बसणार का जन्मभर?"

"हो!"

"नाही म्हणजे नाही!" अप्पा ओरडले आणि शेजारून वाकून त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरलं. डावीकडे ओढायला लागले. मी उजवीकडे ओढत होते. आतल्या सळईचं काय होत असेल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि त्याच वेळी मला एक शंका आली. सेन्सर सळईला पडलेला पीळ ओळखतो. हात कोणाचा आहे, हे ओळखण्याची त्यात काहीच सोय नाही. आणि आत्ता अप्पांच्या अंगात माझ्याइतकाच पीळ होता.

मी ब्रेक तेवढा दाबून ठेवला आणि हात सोडले.

आता चाकावर फक्त अप्पा होते. त्यांनी दात आवळून सगळी ताकद लावली. मोटरने क्षणभर मोजमाप केलं. मग बारीक घरघर करत चाक उजवीकडे फिरायला लागलं. अप्पा त्याला लोंबकळून होते, तरी ते फिरत राहिलं. मी ब्रेक सोडला. गाडी कागलच्या रस्त्याला लागली.

अप्पांनी चाक सोडलं आणि शर्टाची इस्त्री सारखी केली. मग त्यांचा फोन वाजला.

"चेअरमनसाहेब, गाडी वळत नाही," अप्पा म्हणाले. "नाही हो, बिघाड नाही. मेकॅनिक कशाला पाठवता, बिघाड असेल तर ना. तुम्ही घ्या पोहे."

अकराच्या आत आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोहोचलो. सोबतच्या माणसाला बाहेर थांबावं लागेल, असं वॉचमन म्हणाला.

"थांबतो," अप्पा म्हणाले. "इंजिन चालू राहू दे गं. उकडतंय."

मला हेही संशयास्पद वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. फाटकाशी जाऊन मी वळून पाहिलं. अप्पा सरकून चालकाच्या जागेवर आले होते. इकडेतिकडे बघून त्यांनी चाकाला एक बोट लावलं आणि डावीकडे ढकललं. चाक ढिम्म. दुसरं बोट लावलं. मग पूर्ण हात. शेवटी त्यांनी हात ढिला सोडला, आणि चाक आपणहून जरासं उजवीकडे गेलं. अप्पा ताठ बसले.

वॉचमन खिडकीशी गेला. "काय काका, काही अडलंय का?"

"नाही," अप्पा म्हणाले. "शिकतोय."

"लायसन आहे ना?"

"तीस वर्षं झाली."

वॉचमनने मान हलवली आणि माझ्यासाठी फाटक उघडलं.