देवळातल्या कासवाची गाडी

एका जंगलात (कोणत्या ते सांगत नाही, नाहीतर उद्या सकाळीच तुम्ही बाबांना घेऊन तिथे गाडी बघायला जाल) सखाहरी साळिंदर राहत होता. त्याच्या बायकोचं नाव साळूबाई. दोघं स्वभावाने अगदी मऊ, पण अंगावर हे एवढाले काटे. त्यामुळे सगळे त्यांना लांबूनच नमस्कार करत.

त्या जंगलात गव्याची बस होती. म्हणजे गवा स्वतःच बस होता. पाठीवर चढायचं आणि उतरायच्या जागी 'थांबा' म्हणायचं. सशापासून सरड्यापर्यंत सगळे तिच्यातून हिंडत. सखाहरी थांब्यावर दिसला की मात्र गवा दुरूनच मान हलवायचा.

"जागा नाही."

"अहो, पाठ तर सगळी रिकामी आहे!"

"पाठ माझी आहे. काटे घरी ठेवून या, मग बसा."

आता काटे म्हणजे काही छत्री नव्हे, घरी ठेवून यायला. सखाहरी तसाच परत यायचा.

मुलांनो, यात खरी पंचाईत वेगळीच होती. लग्नाच्या मांडवात सखाहरीने छाती काढून सासूबाईंना शब्द दिला होता, "पहिल्या माहेरपणाला तुमच्या लेकीला गाडीतून आणीन!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला आता सात वर्षं झाली. पहिलं माहेरपण अजून व्हायचंच होतं.

तुम्ही म्हणाल, मग चालत का नाही गेले? एक खिंड ओलांडली की माहेर! अरे, पण शब्द दिलेला जावई चालत गेला, तर सासुरवाडीचे उंदीरसुद्धा विचारतात, "पाव्हणं, गाडी कुठं लावली?" सखाहरीला ते उंदीर रोज स्वप्नात दिसायचे. साळूबाई काहीच बोलायची नाही. त्या न बोलण्याचीच त्याला जास्त धास्ती वाटायची.

दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंचा निरोप घेऊन कावळा आला. "काटे पांढरे झाले. चकली चावत नाही. यंदा तरी लेकीला बघू दे."

साळूबाईने निरोप ऐकला आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. धूर नसतानाही डोळे पुसायला लागली. ते पाहून सखाहरी उठला. त्याने बिळातली सात वर्षांची पुंजी बाहेर काढली. अकरा सुरण भरले.

"चल, गाडी घेऊ," तो म्हणाला.

जुन्या गाड्यांचं दुकान खिदळेशेठ तरसाचं होतं. दुसऱ्याने टाकलेलं उचलायचं आणि हसत हसत खपवायचं, हा तरसांचा पिढीजात धंदा. दुकान होतं टेकडीच्या अगदी माथ्यावर. एवढ्या उंचावर का, असं कोणी विचारलं तर शेठ म्हणायचे, "हवा चांगली असते."

गाडी घ्यायला एकट्याने जायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सोबत एक जाणकार न्यावा लागतो. त्या जंगलात गाडीतलं कळणारे एकच होते, हुप्पेमामा वानर. मामांनी पूर्वी एका जीपच्या बॉनेटवर बसून तीन मैल प्रवास केला होता. मग ते पडले. तेव्हापासून मोटारगाड्यांविषयी त्यांचा शब्द अखेरचा.

"अकरा सुरण," सखाहरी चाचरत म्हणाला.

खिदळेशेठ बराच वेळ हसले. मग डोळे पुसून त्याला दुकानाच्या मागे घेऊन गेले. तिथे एक गाडी उभी होती. तिची चार दारं चार रंगांची होती.

"चारही दारं चार वेगवेगळ्या गाड्यांची आहेत," शेठ म्हणाले. "म्हणजे हिशेबाने तुम्हाला चार गाड्या पडल्या!"

"आधी कोणाची होती?" सखाहरीने विचारलं. हा प्रश्न विचारायचा असतो, एवढं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एकच मालक. देवळातलं कासव."

सखाहरीचे काटे आनंदाने ताठ झाले. देवळातलं कासव कोणाला माहीत नाही? गाभाऱ्यासमोर जे बसलंय ते बसलंय. दोनशे वर्षांत जागचं हललेलं नाही. म्हणजे गाडी वापरलीच नाही की हो! कोरी करकरीत! बाजूच्या गाडीभोवती एक हरीण घिरट्या घालत होतं. तीसुद्धा कासवाचीच होती. पलीकडची पण. कासव भलतंच श्रीमंत असावं, असं सखाहरीला वाटलं.

हुप्पेमामांनी कामाला सुरुवात केली. एका चाकाला लाथ मारली. बॉनेटला कान लावला. दार उघडलं, पुन्हा लावलं. दार हातात आलं, ते परत जागेवर ठेवलं.

"हं," मामा म्हणाले.

"ब्रेक मात्र नाही," खिदळेशेठ हळूच म्हणाले. धंद्यात असले तरी एखादं सत्य त्यांच्या तोंडून निसटायचं.

"नसलेलाच बरा!" मामा गरजले. "त्या दिवशी मी पडलो कशामुळे? ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून! सखाहरी, डोळे मिटून घे."

सखाहरीने डोळे मिटले आणि सुरण दिले. तिघं गाडीत बसले. शेठनी मागून पायाने नुसतं टेकवल्यासारखं केलं, आणि गाडी उतारावरून अशी काही सुटली की बोलायची सोय नाही. झाडं मागे, वारा कानात, साळूबाईचा पदर खिडकीबाहेर!

"इंजिनाचा आवाजसुद्धा येत नाही!" सखाहरी ओरडला.

टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं बीळ होतं. तिथे सपाटी लागली आणि गाडी हळूहळू आपली आपणच थांबली. किती समंजस गाडी, साळूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. पूजा म्हटली की बगळेगुरुजी आलेच. गाडीला हार घातला, स्वस्तिक काढलं, नारळ फुटला. साळूबाई नवं लुगडं नेसून, मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसली. सीट आधीच फाटकी होती, त्यामुळे काट्यांची काळजी नव्हती. बघायला सगळं जंगल जमलं. गुरुजींनी चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली.

"आता गाडी पुढे घ्या. लिंबं चिरडली की इडापिडा टळली."

सखाहरीने किल्ली फिरवली. गाडी म्हणाली, "खर्र."

पुन्हा फिरवली. गाडी काहीच म्हणाली नाही.

मुलांनो, जगात एक मोठी गंमत आहे. गाडीत जागा मागा, कोणी देणार नाही. पण बंद गाडी दिसली की धक्का मारायला सगळ्यांचे हात शिवशिवतात. ससे धावले, हरणं धावली, रानडुकरं धावली. गवा तर बाह्या सरसावून आला. त्याला बाह्या नव्हत्या, तरी सरसावल्या.

"एक, दोन, तीन!"

चाक लिंबाला जाऊन टेकलं आणि तिथेच थांबलं. पुन्हा जोर लावला. चाक तसूभर चढलं आणि मागे आलं. लिंबाला ओरखडासुद्धा नाही! शेवटी गुरुजींनी लिंबं उचलून उपरण्याच्या टोकाला बांधली.

"पूजा अर्धी राहिली," ते गंभीरपणे म्हणाले. "अर्ध्या पूजेची दक्षिणा मी घेत नाही. लिंबं चिरडेपर्यंत गाडीबरोबर राहीन."

सखाहरी रडकुंडीला आला होता. तो बायकोला म्हणाला, "उतर गं. नाही जमत."

"मी उतरणार नाही," साळूबाई म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. "सात वर्षांनी माहेरच्या वाटेला बसलेय. मी इथेच बसून राहीन. म्हातारी झाले तरी बसेन."

मग हुप्पेमामा टपावर चढले आणि म्हणाले, "अरे, थोडं पुढे घ्या! इंजिन गरम झालं की सुरू होईल!"

थोडं पुढे घेतली. सुरू झाली नाही.

"अजून थोडं! त्या जांभळीपर्यंत!"

जांभळीपर्यंत घेतली. मग ओढ्यापर्यंत. मग पहिल्या वळणापर्यंत. 'आता होईल सुरू' म्हणत म्हणत खिंडीचा चढ कधी सुरू झाला, कोणाला कळलंच नाही. वाटेत जो भेटे तो विचारी, "काय झालं?" आणि उत्तर मिळायच्या आत ढकलायला लागे. धक्क्याबरोबर सल्लेही येत होते. रानडुक्कर म्हणालं, बॅटरी. ससा म्हणाला, प्लग. मुंगसाने विचारलं, "पेट्रोल आहे का?" इतका साधा प्रश्न विचारल्याबद्दल सगळे त्याच्यावर चिडले.

रानडुकरांनी गाणी म्हणायला सुरुवात केली. साळूबाईने खिडकीतून एकेकाला करंजी दिली. खाली उतरून ढकलणाऱ्या सखाहरीच्या अगदी शेजारी गव्याचं नाक होतं.

"टोचत नाही ना?" सखाहरीने संकोचून विचारलं.

"टोचतंय की! ढकला, ढकला!" गवा धापा टाकत म्हणाला. मग त्याने खिडकीकडे मान वळवली. "वहिनी, सात वर्षं माहेरी का नाही गेलात?"

"बसमध्ये जागा नव्हती," साळूबाई म्हणाली.

गव्याने मान खाली घातली. त्यानंतर त्याने इतक्या जोरात ढकललं की दोन ससे मागे राहिले.

खिंडीच्या माथ्यावर पोचले तेव्हा सगळे घामाघूम झाले होते. सखाहरी आत जाऊन बसला आणि सहज, सवयीने, त्याने किल्ली फिरवली.

गाडी खोकली, शिंकली, आणि सुरू झाली!

काय तो आवाज! काय तो धूर! सखाहरी आनंदाने सीटवर उड्या मारायला लागला. बाहेर मात्र हळूहळू शांत झालं. गाणी थांबली. सगळ्यांनी हात झटकले.

"झालं तर," गवा म्हणाला. "सुरू झाली गाडी. आता आमचं काय काम? सुखरूप जा, वहिनी."

हरणं मागे वळली. रानडुकरांनी उरलेल्या करंज्यांच्या डब्याकडे एकदा पाहिलं आणि तीही वळली. साळूबाई खिडकीतून मागे बघत राहिली. सात वर्षांत तिच्या इतक्या जवळ कोणी आलं नव्हतं. आता ते सगळे पाठमोरे होऊन चालले होते.

"अहो," ती म्हणाली, "बंद करा ती."

"अगं, काय बोलतेस? आत्ता कुठे..."

"बंद करा म्हणते ना!"

सखाहरीने बायकोकडे पाहिलं. मग मागच्या पाठींकडे पाहिलं. त्याला ते सगळं एकदम कळलं, आणि त्याने किल्ली उलटी फिरवली.

"पडली हो, परत बंद पडली!" त्याने खिडकीबाहेर डोकं काढून बोंब ठोकली.

काय सांगू मुलांनो! सगळे असे काही धावत आले की जणू लॉटरी लागली. "तरी मी म्हणत होतो, बॅटरी!" "प्लग, प्लग!" आनंदाच्या भरात सगळ्यांनी मिळून एकच धक्का दिला. आणि खिंडीनंतर उतार असतो, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

गाडी सुटली. जो तो मिळेल तिथे चढला. ससे बॉनेटवर, हरणं टपावर, रानडुकरं चारही दारांत. गवा मागे धरून घसरत येत होता. बगळेगुरुजींना खरं म्हणजे उडता येत होतं, पण घाबरून तेही विसरले आणि आरशाला लटकले.

"मामा, ब्रेक!" सखाहरी किंचाळला.

"नाहीये! म्हणून तर कोणी पडत नाहीये!" हुप्पेमामा टपावरून अभिमानाने ओरडले.

समोर सासूबाईंचं बीळ दिसायला लागलं. दारात पांढऱ्या काट्यांची म्हातारी औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. गाडी सरळ तिच्या अंगावर निघाली. साळूबाईने डोळे झाकले.

आणि सखाहरीला आठवलं.

"गुरुजी! लिंबू टाका!"

गुरुजींनी उपरण्याची गाठ चोचीने सोडली. चार लिंबं घरंगळत चाकांपुढे गेली. चाकं लिंबांना टेकली आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. म्हातारीच्या ताटातलं निरांजन विझलंसुद्धा नाही.

धूळ बसल्यावर म्हातारीने पाहिलं. चार रंगांच्या गाडीतून लेक उतरली. मागून चाळीस जणांचा लवाजमा उतरला. त्यातला एक तर प्रत्यक्ष गवा!

"अगो बाई," म्हातारी म्हणाली, "वाघाच्या लेकीला पोचवायला ड्रायव्हरसुद्धा उतरत नाही. आणि तुला सोडायला हे एवढे सगळे?"

साळूबाई आईच्या गळ्यात पडली. काटे काट्यांत अडकले, ते सोडवायला अर्धा तास लागला. तोवर घरातल्यांनी चाकांखालची लिंबं उचलून सगळ्यांना सरबत केलं. लिंबं पिळली गेली म्हणजे चिरडली गेली, असा निर्णय गुरुजींनी दिला आणि दक्षिणा घेतली. सासुरवाडीचे उंदीर सखाहरीकडे आले आणि अदबीने म्हणाले, "पाव्हणं, गाडी हितंच राहू द्या. कुणी न्यायची न्हाई."

ते खरंच होतं. मंडळी दिवाळीभर तिथेच राहिली, कारण परत ढकलत न्यायचं होतं.

ही बातमी खिदळेशेठना कळली, तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा हसायचे थांबले. त्यांनी दुकानातल्या चालू गाड्या पटापट मागे लपवल्या आणि नवी पाटी लावली: 'देवळातल्या कासवाची गाडी. एकच मालक. बंद पडण्याची लेखी हमी.' दुसऱ्या दिवशी पहाटेपासून टेकडीवर रांग लागली. रांगेत सर्वांत पुढे वाघ होता.

तात्पर्य : मुलांनो, स्वस्तातली जुनी गाडी घेताना नीट पारखून घ्यावी. चुकून चालणारी निघाली, तर एकट्यालाच जावं लागतं.