विंडलकोटचा वाकडा मनोरा

हिल्डाबाईंचा आवाज फोनमधून आला आणि अतीक शेखचा चहा बशीतच राहिला. बाई इंग्लंडातल्या विंडलकोट नावाच्या खेड्यातल्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. गावातलं चर्च सहाशे वर्षांचं झालं म्हणून त्यांनी घरटी एक असे टॉवेल अतीकच्या सोलापुरातल्या कारखान्यात विणायला दिले होते. नक्षीत अक्षर एकही नको, नुसता चर्चचा मनोरा हवा, म्हणजे ओळखणारा ओळखेल, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजी कळायचं ते अतीकच्या बायकोला, गुलनाजला. तिनं निरोप पुन्हा एकदा ऐकला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, त्या म्हणतायत, आमचा वाकडा मनोरा टॉवेलवर कधी बघतो असं गावाला झालंय."

"वाकडा? वाकडा कुठला? आपला तर सरळ आहे!"

"तेच तर म्हणते मी."

अतीक अनवाणीच मागच्या अंगाला, कारखान्यात धावला. महिनाभर भेटेल त्याला अडवून तो सांगत सुटला होता, की अब्बांचं नाव आता विलायतेत जाणार. मरहूम हाशमभाईंनी आयुष्यभर टॉवेल विणले, पण परदेशात गेले ते सगळे दुसऱ्यांच्या नावानं. या खेपेला मात्र प्रत्येक टॉवेलच्या सुलट्या बाजूला कोपऱ्यात लेबल होतं आणि लेबलवर अब्बांची उर्दूतली सही. अम्मीला, म्हणजे इमामबीला, त्यानं ते स्वतः दाखवलं होतं. म्हातारी त्या सहीवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली होती. आता हा विणून तयार असलेला माल नापसंत झाला तर तिला काय सांगायचं?

चन्नप्पा मास्तर जकार्डच्या मागाजवळ शांतपणे सुपारी कातरत होते. कारखान्यातली सगळी नक्षी त्यांच्या हातची.

"मास्तर, हा मनोरा सरळ कसा झाला?"

"मी केला की!" मास्तरांचा चेहरा खुलला. "फोटू काढणाऱ्याचा हात हलला असंल. लई वाकडा आला हुता. बसून नीट केला बगा."

"अहो, तो वाकडाच आहे!"

"सहाशे वर्सं? आन् कुनी दुरुस्त न्हाई केला?"

हिल्डाबाईंच्या लांबलचक पत्रांतून अतीकनं फक्त माप आणि रंग तेवढे वाचून घेतले होते. मागोमाग आलेल्या गुलनाजनं बाकीचं आता सांगितलं. मनोऱ्याचा सांगाडा ओल्या ओक लाकडाचा, वर शिशाचे पत्रे. लाकूड वाळता वाळता पिळवटलं आणि मनोरा एका अंगाला कलला. गावकरी मात्र सांगतात, की शेजारच्या गुत्त्यातल्या बियरचा वास घ्यायला तो वाकलाय.

"म्हंजे सुताराची चूक," मास्तर म्हणाले. "आन् ती मी इनायची? वाकडी नक्षी निघाली की माल सेकंड म्हणून किलोवर जातो, मालक. माझं नाव जाईल की!"

"तुमचं नाव कुठं आहे त्याच्यावर? अब्बांचं आहे!"

हे नको होतं बोलायला. मास्तर सुपारी खिशात टाकून तडक घरी गेले. त्यांना आणायला अतीकला स्वतः जावं लागलं, मास्तरांच्या बायकोच्या, मल्लव्वाकाकूंच्या हातचं धपाटं खावं लागलं आणि "तुमच्यासारखं सरळ सोलापुरात कुणी विणत नाही" असं त्यांच्यादेखत दोनदा म्हणावं लागलं. तेव्हा कुठं मास्तर वाकडं विणायला तयार झाले.

माग रात्रंदिवस चालले. नवा टॉवेल हातात आला तेव्हा मनोरा उजवीकडे असा झोकात कलला होता, की अतीकनं टॉवेल डोळ्यांना लावला. मग सहज उलटा केला, आणि मटकन खोक्यावर बसला. मागच्या बाजूनं मनोरा डावीकडे कलला होता.

"टावेलला दोन बाजू असत्यात, मालक," चन्नप्पा मास्तर समाधानानं म्हणाले. "सरळ हुता तवा ही भानगड नव्हती."

माल दुसऱ्या दिवशी निघायचा होता. पुन्हा विणायला सवड नव्हती आणि पुन्हा विणूनही मागची बाजू पुढच्यासारखी होणार नव्हती. अतीक टॉवेल उलटा करी, सुलटा करी, दारापर्यंत जाई, परत येई.

"तोंड पुसताना मागची बाजू कोण बघतंय?" त्यानं विचारलं.

"दोरीवर घातला की शेजारी बघणार," मास्तर म्हणाले.

"सांगून टाकू या त्यांना," गुलनाज म्हणाली. "त्या बाईंना गावात तोंड दाखवायचं असेल की नाही?"

व्हिडिओ कॉल लागला. गुलनाजनं टॉवेल पुढून दाखवला, मागून दाखवला. हिल्डाबाईंनी फोन उचलला आणि तरातरा बाहेर पडल्या. पडद्यावर थडगी हलली, दगडी भिंत हलली, शेवटी मनोरा दिसला. पुढून उजवीकडे कललेला, आणि चर्चला वळसा घालून मागं गेल्यावर डावीकडे कललेला! बाई धापा टाकत भराभर बोलत होत्या.

"काय म्हणतायत? माल नको?" अतीकनं मधेच विचारलं.

"अहो, खूश आहेत! मनोरा कुठल्या बाजूचा दाखवायचा यावरून वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं भांडण होतं. मंडळ फुटायला आलं होतं. आता दोघांनाही आपापला मनोरा मिळाला. सगळा माल हवाय त्यांना."

"या अल्लाह, तेरा शुक्र!"

"फक्त एक सांगतायत." गुलनाज अडखळली. "सुलटी बाजू कुठली ते कळता कामा नये. नाहीतर पुन्हा जुंपेल. ते लेबल तेवढं काढा म्हणतायत."

अतीकनं ब्लेड घेतलं आणि एकेक लेबल स्वतः उसवायला बसला. अम्मीला सांगायचा धीर त्याला त्या दिवशीही झाला नाही आणि माल गेल्यावरही झाला नाही. सरळ मनोऱ्यांचा पहिला माल अडगळ नको म्हणून त्यानं आहे तसाच एका हातगाडीवाल्याला देऊन टाकला.

आठवड्यानं इमामबी सात रस्ता चौकातून रिक्षानं आली, ती दारातूनच हाका मारत.

"अतीक! अरे, कुटं हाईस? हे बग!" तिच्या हातात टॉवेल होता, त्यावर मनोरा ताठ उभा, आणि कोपऱ्यात हाशमभाईंची सही. "गाडीवाला सांगत हुता, फॉरेनचा माल हाय. तुझ्या अब्बांचं नाव विलायतेला गेलं बी, आन् परत बी आलं की रे!"

अतीकनं गुलनाजकडे पाहिलं. गुलनाजनं डोळ्यांनीच दटावलं.

"व्हय, अम्मी," तो म्हणाला. "पण एकच का आणलास?"